तिरपी काच

“सापडला, मावशी! आता कुठं जात न्हाई,” असं आमचा शेजारी सकाळी म्हणायचा. दुपारपर्यंत तो गेलेला असायचा. सापडायचा आणि हरवायचा तो त्याचा स्विंग, म्हणजे गोल्फचा चेंडू मारताना काठी फिरवायची त्याची पद्धत.

जिंतूरजवळच्या आमच्या गावात गोल्फ कुठून आला, असं तुम्ही विचाराल. हा माणूस लहानपणी मामाबरोबर पुण्याला गेला. मामा तिथल्या एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायचा. तिथं चेंडू वेचता वेचता हा खेळायला शिकला आणि पुढं मोठ्या साहेबांना शिकवू लागला. चाळिशी ओलांडली आणि एकाएकी हात बिघडला. चेंडू सरळ जाईना. शिकवणाऱ्याचाच चेंडू झुडपात जातो म्हटल्यावर साहेब हसू लागले. मैदानवाल्यांनी सांगितलं, दिवाळीनंतर सगळ्यांसमोर खेळून दाखव, तरच शिकवायचं काम राहील. म्हणून बायकोला आणि पोरीला पुण्यात ठेवून तो हात शोधायला गावी आला. भावाचं सोयाबीन निघालं होतं. माझ्या घरामागच्या त्या मोकळ्या रानात तो दिवसभर काठी फिरवायचा.

लोकांना वाटलं, पाणाड्या आहे. काठी घेऊन, मान खाली घालून रानात दुसरं कोण फिरणार? शेजारच्या गावचा एक म्हातारा तर त्याला न्यायला जीप घेऊन आला.

“आमच्या रानात बी बघा की. बोअर कुठं घ्यावा ते सांगा.”

“काका, मला माझंच सापडंना.”

म्हातारा जाताना मला म्हणाला, “लय मिजास हाय बाई ह्याला.”

मी एकदा त्याला विचारलं, “नेमकं बिघडलंय तरी काय?”

“मावशी, समजा एक काच हाय. तिरपी. वर खांद्याला टेकलेली, खाली चेंडूपर्यंत गेलेली. काठी त्या काचेला धरून वर जायला पाहिजे आन् तशीच खाली यायला पाहिजे. दर वेळेला.”

“आन् न्हाई आली तर?”

“काच फुटती.”

“मग तुझ्या रानात अनवाणी यायची सोय न्हाई म्हण.”

तो हसला, पण नजर काठीवरच होती.

ती काच डोळ्यांना दिसावी म्हणून त्यानं माझी बाज मागून नेली. मागं दगड लावून ती तिरपी उभी केली आणि तिच्या कडेकडेनं काठी नेऊ लागला. पाण्याला जाणाऱ्या बायका मला विचारायच्या, “मावशी, बाजंत ढेकणं झाली का?” मी हो म्हणायचे. काचेचं कोण समजावून सांगत बसणार?

मोबाइलवर तो गोऱ्या मास्तरांची शिकवणी बघायचा. एक मास्तर म्हणायचा, काच एकच. दुसरा म्हणायचा, दोन काचा, वर जाताना एक आणि उतरताना दुसरी. हा सकाळी एकाचं ऐकायचा, संध्याकाळी दुसऱ्याचं.

“कुणा एकाचं तरी धर,” मी म्हटलं.

“कोणाचं धरू ते सांगा.”

मी माझ्या कामाला लागले.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मात्र त्याचे चेंडू दोरी धरल्यासारखे गेले. एकामागून एक, सगळे बांधावरच्या बाभळीकडं. तो ओरडत माझ्या दारात आला, चुलीपुढं बसून पिठलं-भाकरी खाल्ली आणि तिथूनच बायकोला फोन लावला. “सामान बांधू नको. तिथंच राहायचं आपण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच चेंडू माझ्या उकिरड्यात पडला. मग दुसरा. तो बाजेजवळ मटकन बसला. “मावशी, कालचे हात हेच हायत ना?”

“तुझेच हायत,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दिवाळी झाल्यावर तो एसटीनं पुण्याला जाऊन आला. काय झालं ते मी विचारलं नाही. त्याच्या बायकोनं फोनवर सांगितलं, “पहिलाच चेंडू झुडपात गेला. लोक हसले. आता मैदानवाले म्हणायलेत, गवत कापायचं काम हाय, पाहिजे तर या. मावशी, तुमी सांगा त्यांना.”

मी सांगितलं. तो म्हणाला, “जिथं मला मास्तर म्हणायचे, तिथं गवत कापू?”

“मामानं कापलंच की.”

तो उठून गेला.

भावानं रानात हरभरा पेरला. याला काठी फिरवायला जागा राहिली नाही. तो भिंतीला टेकून बसून राहायचा. माझी तूर खळ्यावर आली तेव्हा मी त्याला हाक मारली, म्हटलं काही तरी कर. तूर बडवायची काठी हातात दिली. त्यानं ती खांद्यावर उगारली आणि तशीच ठेवली.

“मार की. तूर काय पळून जायलीय?”

“खाली कुठून आणू, मावशी?”

“वरून आण. आणखी कुठून आणतेत?”

थंडीच्या दिवसांत मानेवरून घाम गळत होता. काठी खाली येईना. शेवटी मीच ती सोडवून घेतली. बोटं एकेक करून उघडावी लागली. उरलेली तूर मी बडवली. तो भुसात बसून बघत राहिला.

सकाळी तो पिशवी न घेता जिंतूरच्या जीपमध्ये बसला. मला वाटलं, आली अक्कल, गेला पुण्याला.

मग त्याच्या बायकोचा फोन आला. “मावशी, त्यांचा मोबाइल लागंना. जरा बोलवा त्यांना. ते काम अजून दुसऱ्याला दिलं न्हाई म्हणावं.”

त्याला जाऊन तेव्हा आठवडा होत आला होता. मी तिला तसं सांगितलं. मागं तिची पोर पाढे म्हणत होती, तेवढं ऐकू येत होतं.