आहेस्कूल

अडतिसाव्या वर्षी बँकेतली नोकरी सोडून मी बी.एड.ला बसले, तेव्हा बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीला माझी फारच काळजी वाटायला लागली. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, जिथे तिथे एकच प्रश्न. "अहो, आता या वयात?" खालच्या मजल्यावरचे काका तर म्हणाले, "शिकवायला लागाल तोवर निवृत्त व्हायची वेळ येईल की!" मी म्हटलं, "मग तुमच्याच बाकावर येऊन बसेन, जागा धरून ठेवा." बोलून गेले खरी, पण घरी येऊन कुकर जरा जास्तच आपटला.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी एखाद्या शाळेत जाऊन खरेखुरे पाठ घ्यावे लागतात. माझ्या वाट्याला लोणी काळभोरकडची एक मराठी शाळा आली. वर्ग आठवी ब, विषय मराठी. माझ्या डोक्यावर तिथल्या एक ज्येष्ठ बाई होत्या. मागच्या बाकावर बसून माझा पाठ बघायच्या आणि तास संपला की एखादंच वाक्य टाकून जायच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आवाज चांगला आहे. आता त्यातून काही सांगितलंत तर बरं होईल."

त्या शाळेत भित्तिपत्रक होतं. मुलं त्याला पाठ टेकून डबा खायची, वाचत कुणीच नव्हतं. म्हणून मी वर्गाचा ब्लॉग काढला. नाव ठेवलं 'आठवी ब लिहिते'. मुलांनी घरून लिहून आणायचं, मी शिक्षकखोलीतल्या कॉम्प्युटरवर टाइप करून टाकायचं, आणि पालकांनी मोबाइलवर वाचायचं. पहिला विषय दिला, 'आमच्या घरात कोण काय शिकतंय'. माझा स्वार्थ होता त्यात. मला माझ्यासारखी माणसं बघायची होती.

आणि काय एकेक निघाली! कुणाचे आजोबा मोबाइलवरून वीजबिल भरायला शिकत होते, कुणाचा काका वारज्याला जाऊन केक शिकत होता. एका मुलीनं लिहिलं, की तिची आई बाहेरून दहावीला बसते आहे. सकाळी फॉल-पिको, दुपारी अभ्यास. लग्नामुळे शाळा सुटली होती. मुलीनं आईचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं होतं: "माझी दहावी अर्धी हाय. ती मला पुरी करायची हाय." मी ते दोनदा वाचलं. माझ्या अख्ख्या सोसायटीला मला जे पटवता आलं नव्हतं, ते त्या बाईनं दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं.

मग ज्येष्ठ बाई आल्या. माझ्या खांद्यावरून वाचलं, चष्मा काढला. "शुद्धलेखनाला सुट्टी दिलीत वाटतं. पगारी का बिनपगारी? मुख्याध्यापक बघणार आहेत हे." झालं! मधली सुट्टी संपत आली होती आणि निम्म्या वर्गानं जसं बोलतात तसंच लिहिलं होतं. जिकडे तिकडे हाय. बँकेत काम केलेलं माणूस मी, एकेक कोण दुरुस्त करत बसणार? सगळे लेख एकत्र घेतले, कॉम्प्युटरला 'हाय' शोधायला सांगितलं, त्या जागी 'आहे' घालायला सांगितलं, आणि एका बटणात सगळी आठवी ब शुद्ध करून टाकली. न वाचताच ब्लॉगवर चढवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर हसून हसून मुलं बाकाखाली. "मॅडम, आम्ही आहेवेनं येतो!" "मॅडम, आमचं आहेस्कूल कुठं हाय?" सोलापूर हायवेचा सोलापूर आहेवे झाला होता. हायस्कूलचं आहेस्कूल. 'पाहायला' शब्दाचं तर 'पाआहेला' असं काहीतरी झालं होतं, ते उच्चारायची पैजच लागली होती. मीही हसले, काय करणार? डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आईच्या दहावीबद्दल लिहिणारी ती मुलगी तेवढी हसत नव्हती.

सुट्टीत तिला जवळ बोलावलं. ती म्हणाली, "मॅडम, आई आता परीक्षेला न्हाई बसणार. पुस्तकं माळ्यावर टाकली."

परीक्षा दीड-दोन महिन्यांवर आली होती. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. वाटेत मनात भाषण तयार केलं होतं, जिद्द, आत्मविश्वास वगैरे. पण दारातच मुलीच्या आई म्हणाल्या, "या मॅडम, बसा. च्या घ्या," आणि पुन्हा शिलाई मशीनवर बसल्या. माझं भाषण तिथंच संपलं.

मी म्हटलं, "ताई, चूक माझी झाली. घाईत कॉम्प्युटरनं सगळं बदललं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

त्यांनी मशीन थांबवलं नाही. "चुकलंच की. पेपरात 'हाय' चालत न्हाई, ठावं हाय मला. त्याचं न्हाई काही."

"मग?"

आता मशीन थांबलं. "आमच्या वेळी गुरुजी लाल शाईनं गोल काढायचे. राग यायचा, पण दिसायचं कुठं चुकलं ते. शब्द आपला तिथंच असायचा, खाली बरोबरचा असायचा. तुमी तर पुसूनच टाकला. पोरीनं वाचून दाखवलं तर मला कळंना, हे कोण बोलतंय! म्हटलं, आपलं बोलणं लोकांना दाखवण्यासारखंच नसंल, तर कशाला जायचं पेपरला? बसल्या जागी लाज."

मला खरोखर रडू आलं. 'आता या वयात?' ऐकून रोज चिडणारी मी, आणि मीच या बाईला न विचारता गप्प केलं होतं. मुलीनं दिलेला चहाचा कप मी खाली ठेवला. मग म्हटलं, "ताई, तुम्ही लिहा. तुमच्या बोलीत लिहा. मी एक शब्द हलवणार नाही. जे पेपरात वेगळं लिहायचं, ते खाली लाल अक्षरांत लिहीन."

"आन् वरचं?"

"वरचं तुमचं."

त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मुलीला फक्त म्हणाल्या, "स्टूल आण गं." ती माळ्याकडे बघून पळाली.

मग आठवी बच्या ब्लॉगवर ताईंचा मजकूर यायला लागला. कधी ब्लाउजच्या मापावर, कधी पहाटेच्या अभ्यासावर. वर काळ्या अक्षरांत त्यांचा 'हाय', खाली माझा लाल 'आहे'. मुलांनाही ते आवडलं. आमचंही असंच ठेवा म्हणून मागे लागली, आणि गंमत म्हणजे त्यांच्या वह्यांमधले 'हाय' त्यानंतरच कमी झाले. बटणानं जे झालं नव्हतं ते लाल अक्षरांनी झालं. शिकवणं म्हणजे काय, हे मला बी.एड.च्या जाड पुस्तकांपेक्षा तिथं जास्त कळलं. चुकीला जागा ठेवली तरच माणूस पुन्हा लिहायला येतो, वय काही का असेना.

ज्येष्ठ बाईंनी हे सगळं पाहून नाक मुरडलं. दोन आठवडे गेले. मग एक दिवस शिक्षकखोलीत माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "खाली प्रतिक्रिया कशी टाकतात ते दाखवा. मला येत नाही, असं बाहेर सांगू नका." एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी ताईंच्या लेखाखाली लिहिलं: 'वाचते आहे. पुढचे लवकर पाठवावे.' घाम आला होता त्यांना. मी म्हटलं, "बाई, छान जमलं." त्या म्हणाल्या, "शेरे मी देते, तुम्ही नाही."

ताईंच्या मराठीच्या पेपरच्या दिवशी माझं कशातच लक्ष नव्हतं. दुपारी मुलीच्या मोबाइलवरून फोन आला. पलीकडे गाड्यांचा आवाज, आणि ताई धापा टाकत बोलत होत्या.

"मॅडम, झाला पेपर! निबंध लिहिला, माझी शाळा. सगळीकडं 'आहे' लिवलं. दोनदा वाचून बगितलं. एकच 'हाय' ठेवलाय."

मी विचारलं, "कुठे, ताई?"

"हायस्कूलमधला," त्या म्हणाल्या. "तेवढा बदलू नका."