धिप्पाडच्या तळपायावरचा ठिपका

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे बिजागरी म्हणतात. सहा वर्षांची असताना तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या बिजागऱ्या सोडवल्या, कशा फिरतात ते बघायला. दार वडिलांच्या अंगठ्यावर पडलं. एका पायावर नाचत त्यांनी तिला जे नाव ठेवलं, ते अडुसष्टाव्या वर्षीही सुटलेलं नाही. तिची तक्रारही नाही. चाकाचं उगाच कौतुक झालं, खरी अक्कल बिजागरीत आहे, असं ती कोणालाही ऐकवते, विचारलेलं नसलं तरी.

चाळीस वर्षांपूर्वी ती खेळण्यांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायची. त्या खोलीत चौदा पुरुष आणि ही एकटी. तिथे तिने धिप्पाड बनवला. धिप्पाड म्हणजे दोन फूट उंच यंत्रमानव. पाय मागे दुमडायचे, छाती उघडायची, हात पोटात सरकवायचे. सतरा घड्या घातल्या की त्याचं मालवाहू जहाज व्हायचं. इतकं अगडबंब खेळणं कोणत्याही घरात धड मावत नव्हतं, तरी त्या पिढीतल्या पोरांनी त्याच्यासाठी दुकानांतून जमिनीवर लोळण घेतली. माझ्या मुलानेही घेतली. पेटीवर कारखान्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. बहिणीचं कुठेही नव्हतं.

ती पोरं आता पन्नाशीची झाली. त्यांची पोटं सुटली, अंगठे दुखायला लागले आणि ती स्वतःला संग्राहक म्हणवायला लागली. त्यांना धिप्पाड पुन्हा हवा होता: नवा, अडीच फुटी, वजनदार, शेल्फवर ऐटीत उभा राहणारा. एका कंपनीने काम अंगावर घेतलं आणि तिथेच घोडं अडलं. नवा धिप्पाड उभा राहीना. जहाज झकास व्हायचं. जहाजाचा यंत्रमानव केला की दहा आकडे मोजेपर्यंत तो हळूहळू गुडघ्यांवर यायचा, काही चोरल्याची कबुली द्यायला आल्यासारखा. तीन नमुने झाले, तिघेही गुडघ्यांवर. सहा आठवड्यांनी संग्राहकांच्या मंडळापुढे तो उभा करून दाखवायचा होता. तिथेही बसला, तर काम बंद.

कंपनीने जुन्या कारखान्याचा निवृत्त मुकादम शोधून काढला. तो म्हणाला, "मला काही आठवत नाही, त्या बाईला विचारा." त्याला सगळं आठवत होतं. का सांगितलं नाही, ते पुढे कळेल.

बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून गाडी मी चालवली. त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर कंपनीची जागा. पांढरी टेबलं, मोठमोठे पडदे, कोपऱ्यात गुरगुरणारा थ्रीडी प्रिंटर आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. डिझाइनचा प्रमुख पस्तिशीचा, केसांची पोनीटेल बांधलेला.

"या मावशी, बसा ना. चहा घेणार?"

"बसायला आले नाही. आणि कामाच्या जागी मावशी नको. कुठे आहे तो?"

तो टेबलावर गुडघे टेकून होता. बहिणीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि ती म्हणाली, "ओव्हनचे हातमोजे आहेत का?"

पोनीटेलवाल्याने माझ्याकडे बघितलं. म्हातारी ठीक आहे ना, असा त्या बघण्याचा अर्थ होता. मी म्हटलं, "आहेत का नाहीत ते सांग." पँट्रीतून जाडजूड मोजे आले. तिने ते चढवले, डोळे मिटले आणि धिप्पाडच्या घड्या घालायला लागली. तिची ही जुनी रीत. लहान पोरांची बोटं आखूड आणि धांदरट असतात. मोठ्या माणसाला पोरांसारखं वाटून घ्यायचं तर जाड मोजे घालायचे आणि डोळे मिटायचे. खेळण्यानेच बोटाला सांगितलं पाहिजे, झालं, आता पुढची.

अकराव्या घडीला ती थांबली. "हा इथे मुका झाला. एकूण किती घड्या केल्यास?"

"त्रेचाळीस," तो अभिमानाने म्हणाला. "कलेक्टर लोकांना आव्हान आवडतं."

"पन्नाशीच्या माणसाला सकाळी पायमोजे घालणं हेच आव्हान असतं. एकवीसवर आण. आणि मापं कुठून घेतलीस?"

हा प्रश्न येण्याची तो वाटच पाहत होता. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, आणि त्यांच्याकडे सीलबंद पेटीतला धिप्पाड होता. चाळीस वर्षांत त्याला माणसाचा हात लागलेला नाही. डॉक्टर सील तोडू देईनात, म्हणून याने अख्खी पेटी सामान तपासतात तसल्या मशीनमधून काढली आणि आतला धिप्पाड केसाच्या जाडीपर्यंत मोजला.

"तळपायाला ठिपका आहे त्याच्या?"

"छे! ठिपकेवाले नकली असतात. मंडळाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलंय."

माझी बहीण खुर्ची ओढून बसली. ही घटना दुर्मीळ आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. मग तिने त्याला बोटाने जवळ बोलावलं.

"नीट ऐक. कमरेत खटका असतो ना, त्याच्या दातावर सगळं वजन येतं. मी दात तीन मिलिमीटरचा काढला होता. मुकादमाने परस्पर अडीच केला, म्हणे पोरांची बोटं चिमटतील. पहिली खेप दुकानांच्या काचांआड गुडघे टेकून बसली. ट्रकच्या ट्रक परत आले. मुकादम आठ दिवस रजेवर गेला, तेव्हा मी साचेवाल्याला घेऊन साचा अर्धा मिलिमीटर खोल कापला. साच्यातलं लोखंड काढता येतं, परत भरता येत नाही. चुकले असते तर साचाही गेला असता आणि मीही. आणि दुसरी खेप ओळखता यावी म्हणून पायाच्या साच्यात एक पंच मारला. मोहरीएवढा ठिपका."

"मग... सीलबंद पेट्या?"

"गोदामात पडलेल्या परतीच्या. कारखाना बंद झाला तेव्हा बाहेर आल्या. कोणी खेळलं नाही, कारण खेळता येतच नव्हतं. चांगले होते ते पोरांनी खेळून मोडले. तू केसाच्या जाडीपर्यंत मोजलास बाबा, पण चूक मोजलीस."

मुकादमाने रजेवरून आल्यावर वर साहेबांना सांगितलं होतं की दुरुस्ती त्याचीच. म्हणून त्याला काही आठवत नव्हतं.

पोनीटेलवाल्याने पोनीटेल सोडून पुन्हा बांधली. "पण मॅडम, दाखवायला काय आहे? ठिपकेवाला धड एकही उरलेला नाही. असेल तो लोकांनी नकली म्हणून फेकून दिला."

"आमच्या बाल्कनीत आहे," मी म्हटलं.

होता. मुलगा घर सोडून गेल्यावर मी त्याच्या धिप्पाडचं जहाज करून त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले होते. एक हात तुटलेला, ऊन खाऊन पिवळा पडलेला, कपाळावर मुलाने खिळ्याने कोरलेलं स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर. बहिणीने चिमटे माझ्या ओच्यात ओतले आणि त्याला उलटा केला. डाव्या तळपायाला ठिपका. मग घड्या सोडवल्या. कमरेशी खट् वाजलं, आणि तो उभा राहिला. तिने त्याच्या खांद्यांवर माझा जाडा शब्दकोश ठेवला. तरी उभा. दुसरा भाग ठेवला. तरी उभा.

"ताई, तू याच्यात चिमटे ठेवत होतीस?"

"पोट चांगलं आहे त्याचं. पाणी शिरत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज तिथे जायला लागली. पुठ्ठा आणि टाचण्या घेऊन आधी घड्या, मग कॉम्प्युटर, असा तिचा क्रम. उलटा करायला गेलं की ती पडदाच बंद करायची. तीन आठवड्यांत घड्या एकवीस झाल्या. दात धातूचा केला, नव्याच्या वजनाला पुरेल असा. पुढचा नमुना उभा राहिला तेव्हा टायरच्या दुकानातले लोक वर बघायला आले.

आणि मग ठिपक्यावरून बिनसलं. पोनीटेलवाला म्हणाला, "दात घेऊ या, तो आत असतो, कोणाला दिसत नाही. ठिपका नको. मंडळ बघताक्षणी नकली म्हणेल."

"दात आणि ठिपका एकदम जन्मले. ठिपका नसेल तर मी दाखवायच्या दिवशी येत नाही. समजावा तुम्हीच त्यांना."

गाडीत मी तिला झापलं. "एवढ्याशा ठिपक्यावरून? आलेलं काम घालवशील. मोहरीएवढा तर आहे."

"ताई, तुझ्या डिग्रीवर तुझं नाव आहे. कॉलेजातल्या बोर्डावर होतं. माझं म्हणून एवढंच आहे, आणि ते लोक त्याला नकली म्हणतात."

मी गिअर बदलला.

शेवटी असं ठरलं की ठिपका राहील, पण मंडळाला पटवायचं तिने. नाही पटलं तर ठिपका जाईल, आणि तिचाही निरोप.

त्या दिवशी हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती, बहुतेक टकली. दातांचे डॉक्टर पुढच्या रांगेत, सीलबंद पेटी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन. नवा धिप्पाड टेबलावर आणला तसा त्यांनी उठून आधी त्याचा पायच उचलून बघितला.

"बाई, हा ठिपका! अहो, ही तर नकलीची खूण."

"तो ठिपका मी मारलाय. तुमचा धिप्पाड कधी उभा केलाय?"

"नाही. सील आहे ना."

"मग खरा कसा असतो ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पुस्तिकेत आहे."

"पुस्तिका कोणी लिहिली?"

डॉक्टर जरा घुटमळले. "मीच."

हॉल हसला. बहिणीने हातमोजे त्यांच्यापुढे धरले. "घाला. डोळे मिटा. बोटं सांगतील तसं करा."

डॉक्टर शरमले, पण त्यांनी मोजे घातले. जहाज उलगडायला लागलं. खट्. खट्. पाचव्या घडीला त्यांच्या कपाळावरची आठी गेली. बाराव्याला ते ओठांनी जहाजाच्या भोंग्याचा आवाज काढायला लागले, आणि ते त्यांना कळलंही नाही. एकविसाव्याला कमरेत खट् झालं, त्यांनी हात सोडले, आणि हॉलने मोजायला सुरुवात केली. दहा झाले, वीस झाले, साठला लोक कंटाळले. धिप्पाड उभाच. बहिणीने त्याच्याशेजारी माझा एका हाताचा पिवळा धिप्पाड उभा केला आणि दोघांचे तळपाय दाखवले.

मागून कोणीतरी म्हणालं, "नवा उभा राहिला, जुना ठिपकेवालाही राहिला, मान्य. पण बिनठिपक्याचा बसतो, हे कशावरून?"

सगळ्यांनी डॉक्टरांच्या मांडीकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेटी घट्ट धरली. बहिणीने आग्रह केला नाही. तिला माहीत होतं की इथे ढकललं तर बिजागरी तुटते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "कात्री आहे का कोणाकडे?"

सील त्यांनी स्वतः कापलं. आतला धिप्पाड काल केल्यासारखा पांढराशुभ्र. त्यांनी त्याला टेबलावर उभं केलं आणि स्वतःच मोजायला लागले. सातव्या आकड्याला तो कमरेत कुरकुरला. नवव्याला गुडघ्यांवर आला.

डॉक्टरांनी खिशातून छोटी बॅटरी काढली, त्याच्या कमरेत डोकावले, मग मान वर केली. "दात बुटका आहे हो."

"चाळीस वर्षं तेच सांगतेय मी," बहीण म्हणाली.

ठिपका राहिला. हात वर करून मतं मोजायचीही गरज पडली नाही.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. डॉक्टरांनी आम्हाला दवाखान्यात बोलावलं. रोग्याच्या खुर्चीत पाठ टेकून त्यांचा तो पांढरा धिप्पाड निजला होता, तोंडावर तो प्रखर दिवा. बहीण हातात कॅलिपर घेऊन बाजूच्या स्टुलावर.

"अर्धा मिलिमीटर ना? रोजचंच काम आहे माझं," डॉक्टर म्हणाले. दात भरायचा मसाला त्यांनी खटक्यावर थापला, निळ्या उजेडाने कडक केला, आणि तिने हूं म्हणेपर्यंत घासत राहिले. धिप्पाड उभा केला. खट्.

ते हातमोजे काढायला लागले, तर बहीण म्हणाली, "थांबा. तो मसाला थोडा इकडे द्या."

सुईच्या टोकावर तिने मोहरीएवढा मसाला घेतला, डाव्या तळपायावर ठेवला आणि निळा दिवा स्वतः धरला. ऑपरेशन झालेला डोळा अजून पाणावायचा, पण हात हलला नाही.

मंडळाची पुस्तिका नव्याने छापली आहे. पहिल्या पानावर ठिपक्याचा मोठा फोटो आहे आणि खाली माझ्या बहिणीचं नाव, पूर्ण, आडनावासकट. बिजागरी असं नाही. माझा एका हाताचा धिप्पाड तिने परत दिलेला नाही. चिमटे सध्या प्लास्टिकच्या टोपलीत असतात आणि पाऊस आला की भिजतात. मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणते, ताई, तुझ्यासाठी झाकणवाली टोपली बनवते. झाकणाला बिजागरी असेल, हे सांगायला नकोच.