न वाचलेली ओळ

आमच्या घरी इंग्रजीत काही आलं की ते वाचायचं काम माझं. मीटरचा अर्ज, बाबांच्या पीएफची चिठ्ठी, बहिणीच्या शाळेची सूचना. बाबा उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला आहेत, आई मराठी चौथी शिकलेली. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. बाबा कागद माझ्या हातात द्यायचे आणि समोर बसायचे. मी सांगेन ते त्या कागदात लिहिलेलं असायचं. मला हे आवडायचं, ते लपवत नाही.

बहीण तेव्हा सात वर्षांची होती. तिला सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची. भनपुरीत आमच्या घराजवळच्या डॉक्टरांनी आधी जंताचं औषध दिलं, मग पित्ताचं. उलटी झाली की तिला बरं वाटायचं आणि ती शाळेत जायची, त्यामुळे पोटाचंच काही असेल असं आम्ही धरून चाललो. पुढे ती मान एका बाजूला कलती ठेवू लागली, म्हणून चष्मा लावला. मग चालताना तोल जाऊ लागला. आई म्हणायची, "सीधी चाल ना गं. दारू पिऊन आहेस का?" बहिणीला मराठी सगळी कळायची, पण आजूबाजूला सगळी हिंदी, म्हणून उत्तर हिंदीतच. "मम्मी, ये मेरी स्टाइल है." आम्ही हसायचो. असे जवळजवळ चार महिने गेले.

एका दुपारी तिला वरणभाताचा घास तोंडापर्यंत नेता येईना. तेव्हा स्कॅन झालं. डोक्यात मागच्या बाजूला गाठ होती, आणि ती कॅन्सरची निघाली. मोफत उपचाराच्या सरकारी कार्डावर मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी तिनं समोसा मागितला. डोक्याला पट्टी बांधलेली, आणि नर्सला विचारते, "दीदी, मेरा दिमाग सर्विसिंग करके वापस लगाया ना? पुराना वाला ही है?" आई म्हणाली, "ही पोट्टी काही सुधरत नाही." पण किती तरी दिवसांनी आई हसत होती.

इस्पितळातून सुट्टी मिळाली त्या दिवशी कागदांचा गठ्ठा माझ्या हातात आला. आम्ही वॉर्डाबाहेर उभे होतो. आईच्या हातात एक पिशवी होती, तिच्यात बहिणीचे ऑपरेशनआधी कापलेले केस. बहीण चाकाच्या खुर्चीत बसून स्वतःच चाकं फिरवायचा प्रयत्न करत होती. मी मुख्य रिपोर्ट उघडला. त्यात चौथ्या ओळीत लिहिलं होतं की गाठीचा थोडा भाग नाजूक जागेला चिकटलेला असल्यामुळे तसाच ठेवला आहे. खाली लिहिलं होतं, डोकं आणि पाठीचा कणा, दोन्हींना लवकरात लवकर रेडिएशन द्यावं, म्हणजे आमच्याकडे सगळे म्हणतात ती सिकाई.

मला इंग्रजी कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. 'रेसिड्यू' हा शब्द मी केमिस्ट्रीच्या वहीत कित्येकदा लिहिला होता. गाळल्यावर फिल्टर पेपरवर जे मागे राहतं ते.

"काय लिहून आहे?" बाबांनी विचारलं.

"गाठ काढली म्हणते."

"पूर्ण?"

आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "सिकाई करा म्हणून पण लिहिलं आहे. पण ते नंतरचं आहे."

'नंतर' असं त्या कागदावर कुठेच नव्हतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर नीट सांगू, असं मी ठरवलं होतं. संध्याकाळी शेजारचे लोक भेटायला आले. मग रविवारी सांगू म्हटलं. रविवारी बहीण भिंत न धरता अंगणापर्यंत चालली आणि आईनं खीर केली. सिकाईला सहा आठवडे रोज जावं लागणार होतं. बाबा म्हणाले, "एवढी सुट्टी कोण देते? ठेकेदार दुसरा माणूस ठेवन." आई म्हणाली, "चांगली तर आहे पोट्टी. काहून तिले तरास देता?" इस्पितळातून दोनदा फोन आला. बाबा दोन्ही वेळा "हव, आएंगे" म्हणाले. मी तिथेच पुस्तक उघडून बसले होते. माझी परीक्षा होती. ते कारण नव्हतं, पण तेव्हा मला ते कारण वाटायचं.

ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. केस बोटभर वाढले. पाच महिन्यांनी तिची पाठ दुखू लागली आणि मग पाय उचलेनात.

या वेळी रिपोर्ट मी वाचायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं. कण्यात पसरलं होतं. त्यांनी विचारलं, "सिकाई क्यों नहीं करवाई?"

"हमको लगा ठीक हो गई, सर," बाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. मला वाटतं त्यांना या उत्तराची सवय असावी. बाहेरच्या बाकावर कांकेरकडून आलेला एक बाप होता, कवर्ध्याची एक आई होती. बोलता बोलता कळलं की त्यांच्याही मुलांना आधी जंताचंच औषध मिळालं होतं. एका मुलाची तर गावात झाडफूक झाली होती. नंतर कॉलेजच्या लायब्ररीत मी या गाठीबद्दल वाचलं. श्रीमंत देशांतल्या मुलांनाही ती होते. पण तिथे ती लवकर सापडते, औषध मध्येच थांबत नाही, आणि त्यांतली पुष्कळ मुलं मोठी होतात, माझ्यासारखी कॉलेजात जातात. मी ते पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं.

डॉक्टरांनी कण्याचं सांगितलं त्याच दिवशी दुपारी आई बहिणीजवळ होती. बाबा आणि मी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर गेलो. मी त्यांना सगळं सांगितलं. चौथी ओळ काय होती, मला ती कळली होती, आणि मी खोटं बोलले.

बाबांनी ग्लास खाली ठेवला. "मले मालूम होतं," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना मी काय म्हणतेय ते कळलं नाही.

"ऑपरेशनच्या दिवशीच डॉक्टरनं हिंदीत सांगितलं होतं. थोडी राहिली आहे, सिकाई करावीच लागन म्हणून."

"मग मले काहून इचारलं?"

ते रस्त्यावरच्या ट्रककडे बघत म्हणाले, "तू शिकलेली आहेस. म्हटलं, कागदावर काही वेगळं असन."

मला हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. खरं काय ते त्यांना माहीत होतं. खोटं बोलायला कोणी तरी शिकलेलं माणूस हवं होतं, आणि ते मी होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुझ्या आईले सांगू नको," आणि माझाही ग्लास परत देऊन आले.

मग दुखणं कमी व्हावं एवढ्यापुरती दहा दिवसांची सिकाई ठरली. बाबांनी ठेकेदाराला सांगून टाकलं, ठेवायचा तर ठेव दुसरा माणूस. रोज सकाळी ते बहिणीला कडेवर घेऊन ऑटोत बसायचे, मी फाईल घेऊन शेजारी. चौथ्या दिवसापासून तिला झोप लागू लागली. सिकाई संपल्यावर ती दीड महिना जगली, आणि त्यातले बरेच दिवस तिला फार दुखलं नाही. हे त्या दहा दिवसांमुळे झालं, असं डॉक्टर म्हणाले.

दहाव्या दिवशी मशीनवरच्या माणसानं सिकाईच्या कार्डावर शेवटची सही केली. बहीण बाबांच्या खांद्यावर झोपली होती. बाबा जागचे हलले नाहीत.

"भैया, इसका छह हफ्ते का था," ते म्हणाले. "बाकी के दिन भी दे दो."

"अब उतना नहीं देते, अंकल. वो पहले वाला था."

"हम रोज ले आएंगे. एक दिन नहीं छूटेगा."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"नाही होत आता, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, बहिणीच्या पायांवरची ओढणी सारखी केली आणि दाराकडे निघाले.