तवनाप्पाची तहान

मला लिहिण्याची सवय नाही. तवनाप्पाविषयी लिहायला दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो. चुकलंमाकलं तर माझंच.

तवनाप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत माल पारखायला होता. पान हातात घ्यायचा, चुरगाळायचा, नाकाशी न्यायचा आणि खोट सांगायचा. मुली बघायला गेला की तेच. एकीचे कान मोठे, एक फार हसते, एक हसतच नाही. आम्हा मित्रांची लग्नं होऊन पोरं शाळेत जाऊ लागली तरी हा बघतच होता. घरी म्हातारी आई. तिला नीट दिसत नसे. ती भाकरी जाळायची आणि हा काही न बोलता खायचा.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी एकदा आम्ही कोगनोळीच्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात, पूजेला गेलो होतो. तिथं त्यानं राजमतीला पाहिलं. येताना मला म्हणाला, "हीच. ही न्हाय जमली तर परत कुठं जाणार न्हाय."

खोट सांगितली नाही, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं.

राजमती माझ्या बायकोच्या, कमलाच्या नात्यातली. कमलानं शब्द टाकला आणि दिवाळी झाल्यावर मी आणि तवनाप्पा सर्व्हिस मोटारीनं कोगनोळीला गेलो.

बाहेरच्या सोप्यात बसलो. राजमतीचे वडील पार्श्वनाथ आप्पा तंबाखूच्या भावाचं बोलू लागले. राजमती येऊन आतल्या दाराशी बसली.

"सैपाक येतो?" तवनाप्पानं विचारलं.

"येतो."

"शिवण?"

"येतं."

"वाचायला?"

"मराठी बी, कानडी बी."

मग बोलणं संपलं. मुलीनं काही विचारायचं नसतं, अशी पद्धत.

भडंग आला. तिखट होता. खाऊन झाल्यावर तिच्या आत्यानं, अक्काताईनं, पाण्याची घागर आणून आमच्यापुढं ठेवली. शेजारी रिकामा तांब्या आणि घडी केलेलं कोरडं फडकं.

आम्ही जैन माणसं पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. पाहुण्याला तर गाळूनच देतात. हे तसंच ठेवलेलं. घरी कमला मलाच गाळायला लावते, त्या सवयीनं मी तांब्यावर फडकं धरलं, गाळलं आणि प्यालो. परत भरून तांब्या त्याच्यापुढं करणार, तोच तो पुटपुटला, "ठेव खाली. तिला गाळू दे. एवढंच बघायचं ऱ्हायलंय."

तो घागरीकडे पाहत बसला. राजमती त्याच्याकडे पाहत बसली.

"पाणी घ्या की पावणं," आतून अक्काताई म्हणाली. "समोरच हाय."

"घेतो की," तवनाप्पा म्हणाला आणि हलला नाही.

पार्श्वनाथ आप्पांना यातलं काही दिसलं नाही. ते भावाचंच बोलत होते.

ऊन उंबऱ्यावरून अंगणात गेलं, तिथून समोरच्या भिंतीवर चढलं. तवनाप्पा ओठांवरून जीभ फिरवत होता. मग दिवस बुडाला. दिवस बुडाल्यावर पाणीही न घेण्याचा त्याचा नेम होता. राजमती उठली आणि घागर उचलून आत गेली.

परतीच्या मोटारीत तो खिडकीशी बसला. मग म्हणाला, "पाणी दिलं न्हाय." आणि पुढं थोड्या वेळानं, "तरी बी चालंल. व्हय म्हणून कळव."

इतक्या मुली बघून त्यानं होकार कळवला तो हा पहिलाच.

कमला निरोप घेऊन गेली आणि उत्तर घेऊन आली.

"न्हाय म्हणत्यात."

"आप्पा?"

"आप्पांना कोण इचारतंय? राजमती. घागर तिनंच ठेवायला लावलती. म्हणाली, सोताला तहान लागली तरी उठला न्हाय, उद्या मी अंथरुणाला खिळले तर कोण उठंल?"

"मग तोंडानं सांगायचं हुतं की, गाळून घ्या म्हणून."

"सांगितल्यावर कोण बी गाळतंय," कमला म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मी वखारीत जाऊन तवनाप्पाला सगळं सांगितलं. तो पोत्यावर बसून पानं बघत होता. ऐकून घेतलं.

"तू तर गाळलंस," तो म्हणाला. "तुला काय म्हणाली?"

"माझं लगीन झालंय रं."

"व्हय," तो म्हणाला आणि त्यानं दुसरं पान उचललं.

तो पुन्हा कुठं मुलगी बघायला गेला नाही. बोलावणी यायची, तो वखारीत काम आहे म्हणायचा. राजमतीचं पुढच्या वर्षी चिकोडीकडं लग्न झालं. तिचा नवरा कसा निघाला, हे मी एकदा कमलाला विचारलं.

"नवऱ्यासारखा. ती गाळती, त्यो पितो," ती म्हणाली.

हे तवनाप्पाला सांगावं असं मला कितीदा वाटलं. सांगून काय होणार होतं, म्हणून सांगितलं नाही.