माझी रानफुलं आणि बबनशेठ

आमच्या मयूरीचं जमत आलेलं लग्न मी रंगीत खडूंच्या एका डबीने जवळजवळ मोडलं होतं. लग्न मोडायला लोकांना मानपान लागतो, पत्रिका लागते, गेला बाजार एखादा कान भरणारा भाऊबंद तरी लागतो. मला ऑइल पेस्टलची एक डबी पुरली!

ती डबी मला मयूरीनेच आणून दिली होती, हे आधीच सांगून ठेवतो. मंचरच्या एका डेअरीच्या ऑफिसातून मी निवृत्त झालो आणि राजुरीला घरी येऊन बसलो. शेती माझी बायको शालन बघते. कांदा, टोमॅटो, दोन गाई, सगळं ती एकटी सांभाळत होती आणि तिचं उत्तम चाललं होतं. मग मी आलो आणि सल्ले देऊ लागलो. (ठिबकचा कॉक कुठल्या बाजूला फिरवावा यावरचं माझं व्याख्यान संपलं, तोवर निम्मं रान तुंबलं होतं.) शेवटी मायलेकींनी चुलीपाशी काहीतरी खलबत केलं आणि दुसऱ्या दिवशी मयूरीने ओतूरहून ती डबी आणली.

"अप्पा, छंद लावून घ्या. मोबाईलवर सगळं शिकवतात."

"आन् रानात येऊ नका," शालनने मूळ मुद्दा सांगून टाकला.

मोबाईलवर खरंच सगळं शिकवतात. 'नवशिक्यांसाठी सोपी रानफुलं' असा व्हिडिओ सापडला. त्यातल्या बाई हिंदीत सांगत होत्या, "देखिए, कितना आसान है!" आधी फिका रंग, त्यावर गडद, मग बोटाने हळूच घासून दोन्ही एकजीव करायचे, आणि शेवटी दात कोरायच्या काडीने पाकळीवर शिरा ओढायच्या. बाईंचं फूल पाच मिनिटांत उमललं. माझं दुपारपर्यंत चाललं. संध्याकाळी शालन रानातून आली, कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "पापड बरा लाटलाय. जरा करपलाय कडंला."

पण मी हटलो नाही. घासून घासून माझी बोटं हिरवी झाली, मग दाराची कडी हिरवी झाली, मग टॉवेल, मग गाईचं कपाळ. एकदा भाकरीवर माझा अंगठा निळाशार उमटला, तेव्हा शालनने ती भाकरी माझ्याच ताटात वाढली. या खडूची गंमत अशी, की तो वाळत नाही. आज काढलेल्या फुलाला महिन्याने हात लावला, तरी हाताला रंग येतो. व्हिडिओतल्या बाईंनी हे शेवटी सांगितलं होतं म्हणे. मी कुठलाच व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला नव्हता!

हळूहळू मात्र हात बसला. फुलं फुलांसारखी दिसू लागली. मग माझ्यातला कलावंत जागा झाला आणि त्याला मोबाईलवरची परदेशी फुलं नकोशी झाली. आपल्या मातीतलं काढायचं! आणि आपल्या मातीत, म्हणजे आमच्या कांद्याच्या रानात, काय नव्हतं? निळा निळा केना होता. गुलाबी तुरे मिरवणारा कुरडू होता. लांब दांडीवर एकच फूल धरून उभी असलेली एकदांडी होती. बांधाला पांढऱ्या ठिपक्यांचं गाजरगवत तर नुसतं उधळलेलं होतं.

अडचण एकच होती. शालनने खुरपणीला बाया लावल्या होत्या आणि त्या माझे सगळे नमुने ओळीने उपटत निघाल्या होत्या. नेमकं त्याच वेळी शालनच्या बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि शालन तिच्या गावी, आण्याला गेली. मी रानात गेलो आणि मालकाच्या रुबाबात सांगितलं, "ओढ्याकडच्या पट्ट्याला खुरपं लावायचं नाही. तो तसाच राहू द्या."

बायांची म्होरकी हौसाबाई. तिने कमरेवर हात ठेवून मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तिथंच तर जास्त हाय, अप्पा. क्येना माजलाय निस्ता."

"माजू द्या. मला त्याचं काम आहे."

"क्येन्याचं काम?" हौसाबाई बायांकडे वळली. "चला गं, अप्पांनी क्येना पाळलाय!"

दुधाळ गाय राखावी तशी मी त्या पट्ट्याची राखण केली. केना आनंदाने पसरला. कांदा कुठे आहे हे शोधावं लागू लागलं, पण माझी चित्रं काय सुंदर होत होती!

शालन परत आली ती नवीनच गडबडीत पडली. मयूरीला बघायला ओतूरचे पाहुणे येणार होते. 'बघायला' म्हणजे नावाला. ऋषिकेश आणि मयूरी ओतूरच्या कॉलेजात एका वर्गात होते आणि त्यांचं आपसात कधीच ठरलं होतं. पण मुलाचे वडील, बबनशेठ, जुन्या वळणाचे. ओतूरला त्यांचं खतं-औषधांचं दुकान, शिवाय घरची बागायती. त्यांच्यापुढे हे स्थळ रीतसर मध्यस्थामार्फत गेलं होतं आणि आता त्यांच्या एका मानेच्या हलण्यावर सगळं अडलं होतं. आदल्या दिवशी मयूरी माझ्याजवळ येऊन बसली. एरवी फडाफडा बोलणारी पोरगी, त्या दिवशी आवाज अगदी बारीक होता.

"अप्पा, एक मागू? उद्या काही करू नका. नुसतं बसा."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हो म्हणालो. मनापासून म्हणालो! पण बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर ओलीचे डाग होते. पाहुण्यांना ते दिसणार, पोरीला कमीपणा येणार, हे बापाच्या काळजाला कसं बघवणार? (आणि आपली चित्रं चार लोकांनी बघावीत असं कुठल्या कलावंताला वाटत नाही?) सकाळी मायलेकी स्वयंपाकघरात असताना मी कणकेच्या खळीने बारा चित्रं भिंतीवर डकवली. वर मोठ्या अक्षरांत मथळा दिला: 'आमच्या रानातली फुलं'.

पाहुणे आले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी घातलेले बबनशेठ, तसेच पांढरेशुभ्र ऋषिकेशचे मामा, आणि मधे अवघडून बसलेला ऋषिकेश. पाणी झालं. बबनशेठ चष्मा लावून भिंतीकडे वळले आणि एकेका चित्रापुढे थांबू लागले. मी त्यांच्या मागे मागे सरकू लागलो.

"ह्यो केना," ते म्हणाले.

"अगदी बरोबर!"

"ह्ये कुरडू. ह्ये गाजरगवत." त्यांनी मथळा वाचला. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पावणं, ह्ये समदं तुमच्याच रानातलं?"

"सगळं घरचं! बाहेरून काही आणलेलं नाही."

"लई हाय का?"

"लई म्हणजे! पाय ठेवायला जागा नाही, शेठ!"

आतल्या दारातून मयूरी पोह्यांची ताटली हातात धरून माझ्याकडे बघत होती आणि मान जोरजोरात हलवत होती. मला वाटलं, पोह्यांत मीठ राहिलं असावं.

"मग खुरपत न्हाई का कुणी?" बबनशेठनी विचारलं.

"छे छे! मी हातच लावू देत नाही!"

बबनशेठनी चष्मा काढून खिशात ठेवला. आपल्याकडे बागायतदार माणूस दुसऱ्याच्या घरी गेला, की आधी त्याचं रान बघतो आणि रानावरून घर ओळखतो, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! पण त्या वेळी मी शेतकरी नव्हतो, मी चित्रकार होतो. मामा बबनशेठच्या कानाशी लागले. कुजबुजायचं त्यांना जमत नव्हतं, त्यामुळे "रान पडीक दिसतंय यांचं" हे स्वयंपाकघरापर्यंत गेलं. एवढं बोलून मामा निवांत मागे टेकले. भिंतीला.

ते पुढे झाले तेव्हा त्यांच्या शर्टावर पाठीमागे माझ्या चित्रातली भलीमोठी पिवळी सोनकी उमटली होती. शालनला ती आधी दिसली. ती ओलं फडकं घेऊन धावली आणि "जरा थांबा हं" म्हणत तिने खसाखसा पुसलं. तेलाचा रंग तो! एका फुलाचा पुरा ताटवा झाला.

"राहू द्या, राहू द्या," बबनशेठ उठत म्हणाले. पोह्यांना त्यांनी हात लावला नव्हता. "चला पावणं, रान दाखवा. तेवढं बघतो आन् निघतो."

रानाकडे जाताना मी त्यांना विहिरीकडच्या वाटेने नेऊ पाहत होतो. तिकडचं रान आरशासारखं होतं. पण बबनशेठ सरळ ओढ्याकडेच चालू लागले. पट्ट्यापाशी येऊन उभे राहिले. केना गुडघ्याला लागत होता. शालन मागून आली, तिने तो पट्टा बघितला आणि ती जागीच थिजली. आण्याहून आल्यापासून तिला इकडे फिरकायला सवडच झाली नव्हती.

"ह्ये कुनी केलं?" तिने विचारलं.

शेजारच्या वाफ्यात हौसाबाई आणि तिच्या बाया वाकलेल्या होत्या. हौसाबाईने मान वर करून मोठ्या आपुलकीने सांगितलं, "अप्पांनी राखलंय, वैनी! आमाला खुरपं लावू देत न्हाईत."

बबनशेठनी कुणाकडेच न बघता एक सुस्कारा सोडला. "पोरगी चांगली हाय हो. पर ज्या घरात पिकापरीस तण लाडकं, तिथं..." मयूरी बांधावर उभी होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ऋषिकेशकडे बघायचं टाळत होती. माझी हौस तेव्हा पार उतरली. पोरीने एकच गोष्ट मागितली होती, नुसतं बसायची, आणि बापाला तेवढंही जमलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

"शेठ," मी म्हणालो, "हा एवढा पट्टा माझा. बाकीचं सगळं रान या दोघींचं आहे, ते बघा. तण पिकात नाही, माझ्या डोक्यात आहे!" आणि नव्या पँटसकट मी पट्ट्यात बसलो आणि दोन्ही हातांनी केना ओढायला लागलो. तो कडाकडा मोडत होता आणि मी तुकडे मागे भिरकावत होतो.

"अहो, अहो, काय करता राव!" बबनशेठ ओरडले. "मोडू नका! जितकं तुकडं तितकं कोंब येत्यात त्याला! मुळापासनं घ्या!" मला कसं घ्यायचं ते कळेना, तेव्हा त्यांना राहवेना. टोपी सरळ करून ते खाली बसले आणि त्यांनी एक वेल सबंध उपसून दाखवला. "हं. असा."

"थांबा बाबा, खुरपं द्या इकडं," मयूरी डोळे पुसत पुढे आली आणि हौसाबाईच्या हातचं खुरपं घेऊन ओळीला लागली. आपण ऋषिकेशसारखं 'बाबा' म्हटल्याचं तिलाही कळलं नाही, पण बबनशेठना कळलं. ते जरासे हसले. मग ऋषिकेश बसला. मग शालन. शेवटी पाठीवर ताटवा घेऊन मामाही बसले, आता शर्टाचं व्हायचं ते झालंच होतं! बघण्याचा कार्यक्रम आणि खुरपणी एकदमच उरकली. हौसाबाई बायांना घेऊन बांधावर बसली आणि तिथून सूचना करू लागली.

निम्मा पट्टा झाल्यावर बबनशेठनी हातातला केना उन्हात धरला. निळं फूल उलटसुलट करून बघितलं आणि मला म्हणाले, "चित्र मातूर हुबेहूब काढलंय. मी दारातनंच वळखलं, बरं का."

"खरंच?" मी चिखलातून विचारलं. लाज पार विरघळली!

"खरंच. दुकानात गिऱ्हाईक येतं आन् म्हनतं, 'शेठ, ते निळं फूल येतं बघा, त्याचं औषध द्या.' आता मी काय समजायचं? ती चित्रं द्याल का मला?"

"घेऊन जा! बाराच्या बारा!" मी म्हणायच्या आत शालन म्हणाली.

त्याच संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत, ओलीच्या डागांसमोर, सुपारी फुटली. पोहे दुसऱ्यांदा करावे लागले आणि बबनशेठनी ते दोनदा मागून घेतले. मामांना आम्ही नवा शर्ट दिला. मयूरीचं लग्न होऊन आता ती ओतूरला सुखात नांदते आहे. लग्नात मांडवाला रंगीत फुलं मी काढतो म्हणालो होतो, पण व्याही आणि विहीण दोघांनीही मला एका खुर्चीत नेऊन बसवलं.

माझी चित्रं मात्र वाया गेली नाहीत. बबनशेठनी ती काचेत बसवून दुकानात टांगली आहेत. वर 'आपले तण ओळखा' अशी पाटी आहे आणि प्रत्येक फुलाखाली त्याला कुठलं औषध किती मारायचं ते लिहिलेलं आहे. परवा लेकीकडे गेलो तेव्हा सहज दुकानात डोकावलो. एक शेतकरी माझ्या कुरडूपुढे कितीतरी वेळ उभा होता. जवळ जाऊन बघत होता, लांब जाऊन बघत होता. मला राहवेना. मी शर्टाची कॉलर सरळ करून विचारलं, "आवडलं का, भाऊ?"

"लई भारी, राव!" तो म्हणाला. "अक्षी आमच्या रानातल्यावानी! बघूनच डोकं फिरलं माजं!"

माझ्या कलेला एवढी मनापासून दाद आजवर कुणी दिलेली नाही. जाताना तो औषधाच्या दोन बाटल्या घेऊन गेला.