साडूभाऊंची नजर

आमच्या थोरल्या साडूइतका माणसांवर जीव असलेला आणि रस्त्याकडे मुळीच लक्ष नसलेला ड्रायव्हर अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. जन्म भूगोल शिकवण्यात गेलेला. समोरच्याच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय त्यांच्याच्यानं बोलवत नसे. वर्गात हा गुण होता, गाडीत नव्हता. मागे बसलेल्या माणसाशी बोलायचं झालं की ते सरळ मान वळवून त्याच्याकडे बघत, आणि त्यांच्या पेडगावच्या शेतापर्यंतच्या रस्त्यात ऐकणारा नुसता "हो, हो, समोर बघा" एवढंच म्हणत राही. "रस्ता कुठं पळून चाललाय, पाव्हणे? त्येचा नकाशा पाठ हाय मला," हे त्यांचं उत्तर.

पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं बापाचा हा स्वभाव ओळखूनच त्यांना नवी गाडी घेऊन दिली. ती पांढऱ्या पट्ट्यांच्या मधून आपली आपण चाले, पुढच्या गाडीपासून अंतर राखी, आणि स्टेअरिंगजवळच्या बारीक कॅमेऱ्यातून चालवणाऱ्याचे डोळे बघत बसे. नजर जरा वेळ रस्त्यावरून हटली की टुंग वाजायचं. साडूभाऊंना हा सरळसरळ अपमान वाटला. "इतकी वर्सं मी पोरांवर नजर ठेवली, आता ही माझ्यावर ठेवायली," असं म्हणून त्यांनी काळा गॉगल आणला, तर चालक दिसत नाही म्हणून गाडी आणखीच वाजू लागली. मग ते तिच्याशी भांडू लागले. पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र आणि विश्रांती घ्या अशी सूचना आली, की म्हणत, "नुसतं चित्र काय दावती? चहा पाज की."

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं जालन्याकडे एका लग्नाला निघालो होतो. जिंतूरला जेवलो. दुपारची वेळ, रस्ता नवा आणि मोकळा. चारठाणा मागे पडलं, तेव्हा ते तिथल्या जुन्या देवळांबद्दल सांगत होते. कपाचं चित्र दोनदा येऊन गेलं होतं. "बघा, मी बोलायलोय अन् ही म्हणती झोप आली," ते म्हणाले. पुढे, "त्या खांबांचं वैशिष्ट्य असं, की..." एवढं बोलले आणि थांबले. टुंग वाजलं, मग लागोपाठ मोठ्यानं वाजत राहिलं. मी मान वर केली. साडूभाऊंची हनुवटी छातीला टेकली होती, हात स्टेअरिंगवर होते, आणि गाडी आपली पट्ट्यांच्या मधून शांतपणे चालली होती. समोरून एसटी आली आणि गेली. मी त्यांचा खांदा हलवला. त्यांनी डोळे उघडले आणि ते म्हणाले, "...की त्यांच्यात चुना न्हाई."

"तुमी झोपला होता," मी म्हणालो.

"झोपलो कुठं? इचार करायलतो."

पण देवगाव फाट्यावर त्यांनी आपणहून गाडी थांबवली. चहा घेताना ते माझ्याकडे न पाहता बोलले, "अक्काला सांगू नका." मी सांगितलं. अक्का म्हणजे माझी मेव्हणी, त्यांची बायको. त्यांनी साडूभाऊंना दवाखान्यात नेलं. रात्री झोपेत श्वास अडकतो, म्हणून दिवसा अशी डुलकी लागते, असं निघालं. उपचार सुरू झाले, आणि डॉक्टर म्हणेपर्यंत गाडी चालवायची नाही असं ठरलं. ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. तेवढ्या वेळात अक्का गाडी शिकल्या. त्यांना गाडी कधी काही म्हणत नाही, याचा साडूभाऊंना थोडा राग आहे.

परवा पेडगावला त्यांच्या शेताच्या बांधावर आम्ही दोघंच उभे होतो. ते पिकाकडे बघत होते. मग म्हणाले, "पाव्हणे, खरं सांगा. त्या दिवशी किती येळ झोपलो होतो मी?"

"नुसती पापणी लवली," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "तुमी शेजारी होता म्हणून," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून घराकडे चालू लागले.

ते किती वेळ झोपले होते, ते मला ठाऊकच नाही. गाडी वाजली तेव्हा मी मोबाइल बघत होतो.