गोणी ‘डिड’ने उचलली

लिमयेबाई गेल्या, हे सोसायटीच्या वॉचमनने गेटवर सांगितलं, त्याला आता महिना होईल. मी म्हटलं, अरे, परवा तर वर्ग घेतला त्यांनी... आणि भाजीची पिशवी तशीच हातात धरून घरी येऊन बसलो.

मी चौथी नापास. चाळीस वर्षं डोक्यावर गोण्या वाहिल्या, पण कुणापुढे मान खाली घातली नाही. सून आली ती केरळची. तिला मराठी येईना, मला इंग्रजी. मुलगा कामावर गेला की चारकोपच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं मुक्यासारखे वावरायचो. पोरगी दुपारी जेवली की नाही, एवढंही मला विचारता येत नव्हतं. म्हणून सत्तरी उलटल्यावर बाईंच्या वर्गात गेलो. सोसायटीच्या ऑफिसात त्या आम्हा म्हाताऱ्यांना इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी सांगितलं, आपला प्रश्नाचा ‘का’ शेवटी येतो, तिकडे ते काम ‘डू’ करतो आणि तो आधीच येऊन उभा राहतो. होऊन गेलेल्या गोष्टीला ‘डिड’. मी म्हटलं, “डिड यू एट?” तर चूक. ‘एट’ नाही, ‘ईट’. मी भांडलो. जेवण झालेलं आहे, मग शब्दही झालेलाच पाहिजे ना? मागे कुणीतरी हसलं, तसा मी वही उचलून निघालो.

बाईंनी दारात अडवलं. आधी काय काम करायचो ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “परब, एका गोणीला दोन डोकी लावायचात का हो? कालची गोणी ‘डिड’ने उचलली. ‘ईट’ला मोकळं चालू द्या की.”

मी परत जाऊन बसलो. माझं हमालीचं काम व्याकरणात बसेल, असं कुणाला वाटलं असतं? दुसऱ्या दिवशी सुनेला विचारलं. ती “येस बाबा” म्हणून तोंड फिरवून भांडी आवरायला लागली.

बाई गेल्या त्या दुपारी माझं ताट तसंच पडलं होतं. सून समोर येऊन उभी राहिली आणि शब्द जुळवत म्हणाली, “बाबा, का जेवलात?”

मला कळेना. जेवलोच नव्हतो मी. मग उमगलं, ‘डू’सारखा तिने ‘का’ पुढे आणला होता. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, “बाई.” मी बाजारात गेलो की ही त्यांच्याकडे जात होती म्हणे. बाईंनी मला पत्ता लागू दिला नाही.

“‘का’ मागे, पोरी,” मी म्हटलं. “जेवलात का.”

“जेवलात का?”

“नाही गं,” म्हटलं, आणि ताट पुढे ओढलं.